संमतीपत्रातली राहून गेलेली ओळ

भाई, तुम्ही गेल्यापासून परवापर्यंत मी तुमच्या घरी पाच वेळा जाऊन आले, आणि पाचही वेळा वहिनी भेटायला आलेल्यांना एकच गोष्ट सांगत होत्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या जुन्या कामात एक चूक सापडली. कुणाच्या लक्षात आली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. तरी ह्यांनी आपणहून कळवलं, त्या लोकांनी दुरुस्त केलं, आणि मगच ह्यांना झोप लागली. एवढं सांगून झालं की वहिनी माझ्याकडे हात करायच्या. "हिलाच विचारा. पत्र हिनेच पाठवलं." मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे.

ते पत्र मी पाठवलं नव्हतं, भाई.

हे तुम्हाला सांगायला माझ्याकडे चार महिने होते. त्यातले सहा दिवस तर तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवर होतात आणि मी बाजूच्या स्टुलावर, म्हणजे पळून जायलाही जागा नव्हती. तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते आहे, आणि यात धीर वगैरे काही नाही. पाच वेळा मान हलवून मी दमले, एवढंच.

तुम्हाला सगळेच भाई म्हणायचे, गोव्याकडच्या रीतीने. पहिल्यांदा मी तुमच्याशी रिक्षात बसून फोनवर बोलले, "भाई, काम झालं, कागद पोचवले," तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की उतरताना सुट्टे पैसेसुद्धा त्याने निमूट दिले. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. पुढे कितीतरी दिवस तुम्ही फोन उचलून जाड आवाजात "बोल, कुणाला उडवायचं?" असं विचारायचात, आणि मागून वहिनी ओरडायच्या की शेजारी ऐकतात.

मी तेव्हा अंधेरीला एका शिपिंगच्या ऑफिसात होते. ब्राझीलचे कागद यायचे आणि ते वाचता येणारं कुणी नव्हतं. कुणीतरी सांगितलं की मुलुंड पूर्वेला एक गृहस्थ शनिवारी पोर्तुगीज शिकवतात. मी राहते पश्चिमेला, पूल ओलांडला की तुमची सोसायटी. पहिल्या शनिवारी आम्ही चौघं होतो, दुसऱ्या महिन्यात मी एकटी उरले. तुम्ही फी परत देऊ लागलात, एकीसाठी वर्ग कसला चालवायचा म्हणून. मी म्हटलं, मग वर्ग नको, गप्पा मारू. त्या गप्पा अकरा वर्षं चालल्या.

पोर्तुगीज भाषेतलं तुमचं पहिलं पूर्ण वाक्य म्हणजे शिक्षा होती, हे तुम्ही मला त्याच सुमारास सांगितलंत. गोव्यात शाळेत असताना बाईंनी पाटीवर पन्नास वेळा लिहायला लावलं होतं, नांव देवु मेंतिर, मी खोटं बोलता कामा नये. खोटं काय बोलला होतात ते आठवत नव्हतं तुम्हाला. वाक्य मात्र हातात बसलं होतं. तुम्ही म्हणायचात, त्या भाषेत मला बाजारहाट येण्याआधी नीती आली, म्हणून मला ही असली कामं मिळतात.

असली कामं म्हणजे आपली पापपुण्याची फाईल. हे नाव तुमचंच. मी नोकरी सोडली आणि अंधेरीच्या त्या भाषांतर एजन्सीने आपल्या दोघांना यादीत घेतलं, तेव्हा आपल्याला वाटलं होतं की यंत्रांची माहितीपत्रकं येतील, करार येतील. आलं ते सगळं सदाचाराबद्दल. कंपन्यांच्या आचारसंहिता, कर्मचाऱ्यांनी लाच घेऊ नये याचे धडे, औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं. जगात कुठेतरी इंग्रजीत बसून लोक चांगलं वागण्याचे नियम लिहीत होते आणि मोझांबिकमधल्या माणसांपर्यंत ते पोचवायला मुलुंडच्या एका जेवणाच्या टेबलावरून रस्ता जात होता. मला याची गंमत वाटायची. तुम्हाला नाही वाटायची. तुम्ही ते कागद पोथी वाचावी तसे वाचायचात.

एका शब्दावर आपण तीन आठवडे भांडलो होतो. अकाउंटेबिलिटी. तुम्ही म्हणालात, पोर्तुगीजमध्ये रेस्पोन्साबिलिदाद आहे, पण ती काम हातात घेतानाची गोष्ट. काम बिघडल्यावर जो पुढे येऊन उभा राहतो, त्याच्यासाठी या भाषेला वेगळा शब्द सापडत नाही, आणि असलाच तर तो ऑफिसातला आहे, माणसाचा नाही. मी म्हटलं, मराठीत तरी कुठे आहे, जबाबदारीच दोन्हीकडे. उत्तरदायित्व म्हणाल तर ते फायलीत असतं, घरात कुणी म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, "आपल्यात शब्द नाही गो, पण माणूस आहे. ज्याला जाब विचारता येतो तो." मी म्हटलं, असा माणूस मुलुंडात दाखवा. तुम्ही चिडलात आणि चहा अर्धा टाकून आत गेलात. आठवड्याभराने तुम्ही एक अख्खं वाक्य लिहून आणलंत, ज्यात तो शब्दच नव्हता आणि अर्थ पूर्ण होता. मी तेव्हा ते चांगलं झालंय असं म्हटलं नाही. बरं आहे, म्हटलं. चांगलं होतं, भाई. फार चांगलं होतं.

फेअरनेसवरून तुम्ही असेच अडलात तेव्हा मी म्हणाले होते की मुलुंडमध्ये तो क्रीमचा प्रकार आहे, लिहून टाका काहीतरी. आणि कुल्पा. इंग्रजीत चूक वेगळी, दोष वेगळा, अपराधाची टोचणी वेगळी. पोर्तुगीजमध्ये हे सगळं त्या एका शब्दात घालता येतं. मला तो शब्द आळशी वाटायचा. तुम्ही म्हणायचात की तो आळशी नाही, तो कडक आहे, सुटायला फट ठेवत नाही. यावरचं आपलं भांडण मिटलंच नाही. आता मला तुमचं पटायला लागलंय आणि ते सांगायला समोर कुणी नाही, याचा मला राग येतो. तुमच्यावरच येतो, खरं सांगायचं तर.

संमतीपत्रांची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांना ती विचित्र वाटते. एकाने इंग्रजीवरून पोर्तुगीज करायचं. दुसऱ्याने मूळ इंग्रजी न बघता ते पोर्तुगीज पुन्हा इंग्रजीत आणायचं. मग एजन्सीत तिसरं कुणीतरी दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून बघतं. जुळलं की पहिल्याचं काम बरोबर. दोघांनी आपापलं काम स्वतंत्रपणे केलं, असं लिहून खाली दोन सह्या करायच्या. पहिले नेहमी तुम्ही, दुसरी नेहमी मी.

खरं तर आपण एका टेबलावर बसता कामा नये. पण माझ्या घरी सासूबाईंचा टीव्ही दिवसभर चालायचा आणि तुमचा इंटरनेट बरा होता. म्हणून आपणच नियम केले. तुम्ही खिडकीकडे, मी फ्रिजकडे. तुमचे इंग्रजी कागद वर्तमानपत्राखाली झाकलेले, मधेच वहिनींनी कोकम सरबत आणलं तर ग्लाससुद्धा त्या वर्तमानपत्रावर ठेवायचा नाही, उचलताना कागद सरकेल म्हणून. एकदा माझा खोडरबर तुमच्याकडे घरंगळला तर मी तो मागितला नाही, नवीन आणला. इतके आपण काटेकोर होतो. तुम्ही शब्द पुटपुटत लिहायचात, म्हणून मी कानात कापूस घालायचे.

पण सहा वर्षांत अशी पन्नासेक संमतीपत्रं झाली, आणि ती सगळी थोड्याफार फरकाने एकच असतात. तुम्ही का निवडले गेलात, काय करावं लागेल, काय त्रास होऊ शकतो. आणि मग ती ओळ. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारांत काही फरक पडणार नाही. ती नेहमी त्याच जागी असते. मला कागदाची गरजच उरली नव्हती. त्यातून मला तुमचं पोर्तुगीज तुमच्या बोलण्याइतकं ओळखीचं झालं होतं, वाक्य अर्धं वाचलं की पुढे तुम्ही काय म्हणणार ते कळायचं.

तर ते गरोदर बायकांच्या औषधाचं संमतीपत्र. पान उलटताना तुमच्या हातून ती ओळ सुटली. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही पुढे ढकलत होतात तो काळ. तुमच्या पोर्तुगीजमध्ये ती नव्हती. आणि माझ्या इंग्रजीत ती होती. मी लिहिली होती, जिथे असायला हवी तिथे, तुमच्या पद्धतीच्या वळणाने. जे लिहिलं होतं ते न वाचता तुम्हाला जे म्हणायचं असणार ते मी वाचलं. अनोळखी माणसाच्या कामात मला हे कधीच झालं नसतं. एजन्सीत दोन्ही इंग्रजी जुळली, आपण सह्या केल्या, कागद गेला.

दीड-दोन वर्षांनी, या होळीच्या सुमाराला, तुम्ही नव्या कामासाठी जुना कागद काढलात आणि तुम्हाला ते दिसलं. तुम्ही मला फोनवर काही सांगितलं नाही, फक्त ये म्हणालात. मी आले तर तुम्ही तीन कागद टेबलावर मांडून ठेवले होते आणि वर्तमानपत्र नव्हतं. तुमचं इंग्रजी मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडं पाहिलं. वाचता वाचता माझी नजर माझ्याच कागदावर गेली. तुमचं बोट मात्र तुमच्याच कागदावर होतं. "माझ्यान चुकलें," तुम्ही म्हणालात, तुमच्या कोकणीत. माझ्या कागदाकडे तुम्ही बोट केलंच नाहीत.

तुम्हाला लगेच लिहायचं होतं. मी वाद घातला, तो मला शब्दन् शब्द आठवतो आणि आठवला की नको होतं. मी म्हटलं, एजन्सी आधीच पहिला खर्डा मशीनकडून करून घेते, आपल्याला काढायला त्यांना निमित्तच हवंय. म्हटलं, दोन वर्षं झाली, चाचणी संपलीही असेल. म्हटलं, नाही म्हणायचा हक्क असतो हे कुणालाही माहीतच असतं, एका ओळीने काय होतं.

"माहीत असतं, तर लिहितात कशाला गो?" तुम्ही म्हणालात. "जिला माहीत नाही तिच्यासाठीच ती ओळ. बाकी सगळा कागद डॉक्टरांसाठी."

मग मी म्हटलं की बरं, मी लिहिते पत्र. तुमचे डोळे दुखतायत, माझं इंग्रजी तुमच्यापेक्षा ऑफिसातलं आहे. तुम्ही मजकूर सांगितलात, मी टाईप केला. चूक माझी आहे असं तुम्ही तीनदा घालायला लावलंत. घरी जाऊन पाठवते म्हणाले.

घरी येऊन ते पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तुमची ती नजरचूक होती. वय झालेल्या माणसाचं पान उलटताना होतं तसं. माझी मात्र नजरचूक नव्हती. मी स्वतंत्रपणे काम केलं अशी सही मी केली होती, आणि मी काम केलं नव्हतं, तुमच्यावर भरवसा ठेवून गप्पा पुढे चालवल्या होत्या. एजन्सी कागद ताडून बघणार आणि तुमच्या सुटलेल्या ओळीपेक्षा मी मनाने घातलेली ओळ त्यांना आधी दिसणार. मला भीती वाटली. नोकरी सोडून मी जे काही उभं केलं होतं ते एवढंच होतं. मी स्वतःला समजावलं की मी तुमचं नाव वाचवते आहे. या वयात त्यांना कशाला बट्टा, असं अगदी मनातल्या मनात गळा काढून म्हणाले. पत्र ड्राफ्टमध्ये पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, पाठवलं का. मी हो म्हटलं.

त्यानंतर तुम्ही रोज विचारायला लागलात की उत्तर आलं का. सकाळी साडेनऊला फोन यायचा. मी म्हणायचे, वेळ लागतो, मोठी ऑफिसं. तुम्ही म्हणायचात, हो, लागतच असणार. चौथ्या की पाचव्या दिवशी वहिनींनी मला वेगळा फोन केला. हे जेवत नाहीत धड. झोपेत नाही, जागेपणी बडबडतात, त्या बायकांना कुणी सांगितलं असेल का म्हणून. कोण बायका, वीणा? मी वहिनींना म्हटलं, कामातलं काहीतरी आहे, होईल ठीक.

तुम्ही अंधेरीला स्वतः जायला निघालात तो नववा दिवस. शर्ट इस्त्रीला दिला होता. मला कळलं तेव्हा मी तडक पूल ओलांडून आले, जिना चढता चढता काय बोलायचं ते ठरवलं, आणि दारातच म्हणाले, भाई, आलं उत्तर. दुरुस्त केलंय त्यांनी. तिथल्या कागदात ती ओळ घातलीय. काळजी करू नका म्हणालेत.

तुम्ही दाराची चौकट धरून उभे होतात. दाखव म्हणाला असतात तर माझ्याकडे काही नव्हतं. तुम्ही दाखव म्हणाला नाहीत. अकरा वर्षांत तुम्ही माझा कुठलाच कागद ताडून बघितला नव्हता, तो तरी कशाला बघाल. तुम्ही इस्त्रीचा शर्ट तसाच घालून बाजारात गेलात आणि बांगडे घेऊन आलात. वहिनींनी तळले. तुम्ही मला वाढत होतात, आणि घे, घे म्हणत होतात, आणि एवढं बोलत होतात की काटा लागेल म्हणून वहिनींनी दटावलं. मी चार बांगडे खाल्ले. मला ते आवडले, हे सांगायची मला लाज वाटते.

पुढचं लवकर झालं. छातीत पाणी, मग मूत्रपिंडं, मग ते सहा दिवस. चौथ्या दिवशी तुम्ही बऱ्यापैकी शुद्धीत होतात. पोर्तुगीजमध्ये नर्सला धन्यवाद म्हणालात आणि ती केरळची नर्स हसली. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ते पत्र तू पाठवलंस, बरें केलेंस, बाय." माझ्या तोंडाशी आलं होतं. आत्ता सांगितलं तर यांच्या छातीवर ओझं टाकणं होईल, असं कारण मी लगेच शोधलं. कारण चांगलं होतं. माझी सगळीच कारणं चांगली असतात, तुम्ही शिकवलेल्या भाषेत इतकी वर्षं मी तीच तर घोटत होते. मी तुमचं पांघरूण सारखं केलं.

तुमच्या दहाव्या दिवशी गोव्याहून आलेला तुमचा पुतण्या मला म्हणाला की ही गोष्ट ज्ञातीच्या मासिकात यायला हवी. काकांबद्दल बाकी काही नको, हेच लिहा, आणि तुम्हीच लिहा, तुम्ही साक्षीदार. वहिनी म्हणाल्या, हो गं, लिही. त्यांच्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा ऊन पडल्यासारखं दिसलं. मी हो म्हटलं. घरी येऊन कागद पुढे ओढला, भाई असं लिहिलं आणि पुढे एक अक्षर सरकेना. तुमच्या खरेपणाची गोष्ट लिहायची, आणि ती मी रचलेली.

शेवटी मी ड्राफ्ट उघडला. तुमचा मजकूर तसाच ठेवला. खाली माझा घातला, की ओळ सुटली ती भाईंकडून, पण ती पकडण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही आणि केल्याची सही केली. आणि हे आम्हाला चार महिन्यांपूर्वी कळलं होतं, उशीर माझा. पाठवलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मग भाजी चिरायला बसले आणि बोट कापून घेतलं.

दोन वाजता उत्तर आलं. भाई, तीन तासांत आलं.

एजन्सीतल्या त्या बाईंनी साधं, सरळ लिहिलं होतं. तुमच्या जाण्याचं त्यांना वाईट वाटलं. त्या कागदाबद्दल म्हणाल तर ती ओळ नाही हे मोझांबिकमधल्या, असे कागद तपासणाऱ्या समितीच्या पहिल्याच बैठकीत लक्षात आलं होतं. एकाही बाईची सही घेण्याआधी त्यांनी ती घालून नवा कागद छापला. याला दीड वर्ष होऊन गेलं, फायलीत नोंद आहे, सोबत जोडली आहे. तुम्हा दोघांना कळवायचं राहून गेलं, क्षमस्व.

जोडलेला कागद मी उघडला. ओळ होती. तुमच्यापेक्षा जरा लांबलेली, तुम्हाला आवडली नसती. पण होती, त्या जागी.

मी खुर्चीत बसून राहिले. मला हलकं वाटायला हवं होतं, थोडा वेळ वाटलंही. त्या बायकांचं काही वाईट झालं नव्हतं. कुणाला फसवून सही घेतली नव्हती. आणि मी दारात उभी राहून तुम्हाला जे सांगितलं, दुरुस्त केलंय, ओळ घातलीय, काळजी करू नका, ते सगळं खरं होतं. मी ते बोलले तेव्हाही खरं होतं. मला ठाऊक नव्हतं एवढंच. एखादी वकील असती तर म्हणाली असती, मग तक्रार काय आहे. तुमच्याशी मात्र यावर चांगले तीन आठवडे भांडता आलं असतं, की बोलणं खरं निघालं तरी बोलणारी खोटी असू शकते का, आणि इंग्रजीत याला काय म्हणतील, पोर्तुगीजमध्ये काय. आता एकटीने भांडून कंटाळा येतो.

वहिनींना सांगायचं की नाही, यावर मी चौदाव्या दिवसापर्यंत घोळत राहिले. न सांगून चालण्यासारखं होतं. कुणाचं नुकसान नव्हतं, गोष्ट छान होती, आणि आता तर तिच्यातला महत्त्वाचा भाग खरा होता. पण ती मासिकात छापून आली असती तर माझ्या सहीने आली असती, आणि तसली एक सही मी आधीच करून बसले आहे. काल दुपारी गेले. पाहुणे परतले होते. वहिनी गॅलरीत बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, माझ्या बाजूने काही न सावरता. पत्र पाठवलं नव्हतं इथवर आले तेव्हा त्यांचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी एजन्सीचं उत्तर वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. म्हणजे काळजीचं काहीच नव्हतं हो वहिनी, मी म्हटलं, सगळं आधीच ठीक झालं होतं.

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला घरातून जा म्हणतील. मी दोन्हीची तयारी करून गेले होते. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पाठवलं असतंस तर उत्तर कधी आलं असतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, त्याच दुपारी.

वहिनींनी सुपातले तांदूळ डब्यात ओतले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ते नऊ दिवस ह्यांचे उगाच गेले."

चार महिने मी एका ओळीची, त्या दूरच्या बायकांची, माझ्या सहीची आणि तुमच्या नावाची काळजी केली. ज्या माणसाकडे एकशेवीस-पंचवीस दिवसच उरले होते, त्यातले नऊ मी उपाशी आणि जागे घालवायला लावले, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ते वहिनींना मोजता आलं, कारण त्या त्या नऊ दिवसांत तुमच्या शेजारी होत्या.

तुमच्या पुतण्याला मी आज कळवलं की मासिकासाठी गोष्ट नाही, हे पत्र आहे, छापायचं तर असंच छापा. यात तुमची चूक एका ओळीची आहे. बाकी माझं आहे, भाई, सगळं माझं.